दोन प्रयोगशाळा, दोन आकडे : ॲलर्जीची रक्तचाचणी कशी वाचावी?

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलीला सकाळी गादी झटकताना ओळीने शिंका येतात. एका प्रयोगशाळेत एकूण आयजीई (ॲलर्जीशी संबंधित रक्तातील प्रतिपिंडे) ६४० आले, पण पट्टीवरच्या चाचणीत डस्ट माइट (घरच्या धुळीतले सूक्ष्म जीव) ‘निगेटिव्ह’ निघाले. दुसरीकडे त्याच माइटसाठी १.८ हा आकडा आला. बागेत भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक धुरळले की तिचा त्रास वाढतो. आता ॲलर्जी तपासण्यांचे मोठे पॅकेज करावे का?
— एक वाचक, मखमलाबाद, नाशिक

उत्तर : एकूण आयजीईच्या आकड्यावर निदान करू नये, कारण तो इसबाने किंवा पोटातील जंतांनीही वाढतो आणि ॲलर्जी असूनही कित्येकांत सामान्य राहतो. महत्त्वाची आहे ती विशिष्ट आयजीई, म्हणजे एकाच घटकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची मोजणी. आता आपले दोन अहवाल. एकाच पट्टीवर अनेक घटक तपासणारी चाचणी सोयीची असली तरी तिचे मोजमाप ढोबळ असते आणि कमी पातळी तिच्यातून निसटू शकते. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे मोजणारी चाचणी अधिक भरवशाची असते. शिवाय पद्धत बदलली की आकडाही बदलतो, म्हणून पुढे तुलना करायची असल्यास त्याच पद्धतीने चाचणी करावी. दुसरा अहवाल स्वतंत्र मोजणीचा असेल, तर १.८ हा आकडा ०.३५ या प्रचलित मर्यादेच्या बराच वर आहे आणि गादी झटकताना येणाऱ्या शिंकांशी तो जुळतो, कारण माइटची वस्ती गादी-उशांतच असते. मात्र आकडा मोठा म्हणजे आजार तीव्र, असे समजू नये.

गंधकाचे मात्र वेगळे आहे. त्याची भुकटी नाकाला आणि घशाला झोंबते. ही ॲलर्जी नव्हे, त्यामुळे कितीही मोठे पॅकेज केले तरी ती रक्तात दिसणार नाही. धुरळणीच्या वेळी मुलीला बागेपासून दूर ठेवावे.

पॅकेज करू नये, असेच मी आग्रहाने सांगेन. पन्नास घटक तपासले की ज्यांचा कधीच त्रास झाला नाही असेही काही ‘पॉझिटिव्ह’ येतात आणि मुलीचे खाणेपिणे विनाकारण बंद होते. शंका उरल्यास तज्ज्ञांकडून त्वचेवरची प्रिक चाचणी (घटकाचा थेंब ठेवून त्वचेला हलके टोचणे) करून घ्यावी. तिचे उत्तर १५ ते २० मिनिटांत मिळते. शिंकांची गोळी त्यापूर्वी साधारण आठवडाभर डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते. रक्तचाचणीसाठी ती थांबवावी लागत नाही.