ढग झालोय, आता काय करू? – सेकंड लाइफमधल्या नवख्यांचे प्रश्न

मागच्या अंकात सेकंड लाइफबद्दल लिहिलं आणि बऱ्याच जणांनी लगेच अकाउंट काढलं, आत शिरले आणि पहिल्या पंधरा मिनिटांत अडकले, तसं पत्रांवरून दिसतंय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात, हे अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब कंपनीने जून २००३ मध्ये सुरू केलेलं ऑनलाइन जग आहे, गेम म्हणावं तर जिंकणं-हरणं काही नाही, आणि आतली घरं, झाडं, बूट, नाचाच्या स्टेप्स हे जवळजवळ सगळं तिथे वावरणाऱ्या लोकांनीच बनवलेलं. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण खालचे निम्मे प्रश्न त्यातूनच आलेत.

आत गेलो तर मी दिसतच नाही, माणसाच्या जागी नुसता पांढरा ढग तरंगतोय. बाजूचे काही जण राखाडी पुतळ्यासारखे. जावई म्हणतात लॅपटॉप गेला. खरंच का?
– निवृत्त शिक्षक, सातारा

सर, लॅपटॉपला काही झालेलं नाही, जावयांना सांगा. नेहमीच्या गेममध्ये सगळी चित्रं आधीच डाऊनलोड होऊन आपल्या मशीनवर बसलेली असतात, इथे तसं नाही, इथे तुम्ही ज्या जागी उभे राहता तिथलं सगळं त्याच क्षणी सर्व्हरवरून यायला लागतं, त्यामुळे राखाडी पुतळे म्हणजे अजून न पोचलेली माणसं. दोन-तीन मिनिटं हलू नका, रंग भरतील.

ढगाचं मात्र वेगळं. आकार, कातडी, केस आणि डोळे या चार गोष्टी अंगावर असल्याशिवाय सिस्टीम तुमचा अवतार, म्हणजे तिथे वावरणारं तुमचं रूप, उभाच करत नाही, आणि नवीन माणूस इन्व्हेंटरीत, म्हणजे आपल्या सामानाच्या पिशवीत, खेळता खेळता यातलं एखादं काढून बसतो. आधी कंट्रोल, आल्ट आणि आर एकत्र दाबून बघा, त्याने अवतार पुन्हा रंगवला जातो. नाही झालं तर इन्व्हेंटरीत खाली लायब्ररी नावाचा फोल्डर आहे, त्यात क्लोदिंग, त्यात इनिशियल आउटफिट्स, तिथल्या कुठल्याही फोल्डरवर राइट क्लिक करून रिप्लेस करंट आउटफिट करा, चारही गोष्टी एकदम अंगावर येतात. तेही नाही जमलं तर लॉगआउट करून गर्दी नसलेल्या जागी लॉगिन करा.

पूर्वी ढग नव्हता बरं का. अवतार लोड झाला नाही की सगळे रूथ नावाच्या एकाच ठराविक बाईच्या रूपात दिसायचे, दाढीवाले बुवा पण. त्यापेक्षा ढग बरा.

लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतो आणि सगळं स्लाइड शो सारखं चालतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घ्यावंच लागेल का?
– कॉलेज विद्यार्थी, नाशिक

लगेच नको. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्समध्ये जा आणि ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं दिसावं ते अंतर, कमी कर. एक रीजन, म्हणजे तिथल्या जमिनीचा एक चौकोन, २५६ बाय २५६ मीटरचा असतो, तुझं मशीन तेवढं अख्खं आणि वर शेजारचे रीजन पण काढत बसलंय, ६४ मीटरवर आण, क्लबमध्ये असशील तर अजून कमी. मग शॅडो बंद, आरसे आणि रिफ्लेक्शन बंद किंवा अगदी कमी.

पण खरा भार इमारतींचा नसतो, माणसांचा असतो. एकेका बाईच्या केसात आणि दागिन्यात एवढं डिटेल असतं की दहा जणी नाचत असल्या की मशीन बसतं. तिथेच ग्राफिक्समध्ये मॅक्सिमम कॉम्प्लेक्सिटी नावाची पट्टी आहे, ती खाली ओढलीस की जड अवतार एकरंगी बाहुल्यांसारखे दिसतात, त्यांना जेलीडॉल म्हणतात. दिसायला विनोदी आहे पण पंखा गप्प होतो. आणि शक्य असेल तर वायफायऐवजी केबल लाव.

दुकानातून फुकटचा ड्रेस घेतला, वेअर केला, तर हातात भला मोठा खोका चिकटला! तसंच क्लबमध्ये गेले, सगळे बघत होते. दुसऱ्या वेळी ड्रेस निघाला पण अंग कापडातून बाहेर. काय चुकतंय?
– गृहिणी, कोल्हापूर

ताई, हातात खोका घेऊन न फिरलेला माणूस तिकडे सापडायचा नाही, जे बघत होते ते सगळे या खोक्यातून गेलेले आहेत.

दुकानदार ड्रेस, त्याचे वेगवेगळे साइज, सूचनांची चिठ्ठी असं सगळं एका खोक्यात भरून देतात आणि तुम्ही घातलात तो खोका. हल्लीच्या बऱ्याच खोक्यांत स्क्रिप्ट, म्हणजे वस्तूला कामाला लावणारा छोटा प्रोग्रॅम, असते, घालून त्यावर क्लिक केलं की आतलं सामान आपोआप इन्व्हेंटरीत येतं, पण जिथे जमीनमालकाने स्क्रिप्ट बंद ठेवलेत तिथे कितीही क्लिक करा, ढिम्म. खात्रीचा रस्ता म्हणजे सँडबॉक्स. सर्चमध्ये सँडबॉक्स टाकलं की सार्वजनिक जागा मिळतात, जिथे कुणालाही वस्तू जमिनीवर ठेवता येते. तिथे जाऊन खोका इन्व्हेंटरीतून ओढून जमिनीवर टाका, राइट क्लिक, ओपन, मग कॉपी टू इन्व्हेंटरी. काम झालं की रिकामा खोका उचला, नाहीतर काही वेळाने तो आपोआप परत येऊन लॉस्ट अँड फाउंड फोल्डरमध्ये पडतो आणि महिन्याभरात तिथे अडगळ साचते. आणि एक, सँडबॉक्स सोडून दुसरीकडे असं करायला गेलात तर इथे वस्तू ठेवता येत नाही असा मेसेज येईल, ते तुमचं चुकत नाही, ती जमीन कुणाची तरी खाजगी आहे.

चिकटलेला खोका काढायला त्यावर राइट क्लिक आणि डिटॅच. आणि वेअर आणि ॲड यातला फरक आत्ताच शिकून घ्या. वेअर केलं की त्या जागी आधी असलेलं निघून जातं, म्हणून कानातलं घालायला गेलं आणि केस गायब झाले असले प्रकार होतात. ॲड केलं की आधीचं राहतं आणि नवीन वर येतं. मी तर सवयीने ॲडच करते.

आता अंग बाहेर येण्याचं. सुरुवातीला मिळणारं जुन्या पद्धतीचं शरीर वेगळं आणि लोक विकत घेतात ती मेश, म्हणजे बाहेरच्या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये घडवलेली, शरीरं वेगळी, २०११ मध्ये मेश आलं आणि तेव्हापासून शिंपी प्रत्येक शरीराच्या मापाने वेगळा कपडा शिवायला लागले. खोक्यात मैत्रेया लारा, लेगसी असली नावं दिसली असतील, ती शरीरांची नावं आहेत. तुमच्या अंगावर लारा नसेल तर लाराच्या मापाचा ड्रेस नीट बसणारच नाही, आणि तो ओढून-ताणून मोठाही करता येत नाही. नवीन माणसाने पहिल्याच आठवड्यात महागडं शरीर घेऊ नये असं माझं मत. लिंडन लॅबने २०२३ मध्ये सेनरा नावाची फुकट मेश शरीरं दिलीत, त्यावर महिनाभर काढा आणि दुकानात सेनराचं माप आहे का ते बघून घ्या. काहीही विकत घ्यायच्या आधी डेमो घाला, डेमो फुकट किंवा एक लिंडनला (तिथलं चलन, लिंडन डॉलर) मिळतो, कपाळावर डेमो असं लिहिलेलं लटकतं पण बसतंय की नाही ते कळतं. इथे घेतलेला माल परत घेणारा दुकानदार क्वचितच मिळतो.

माप बरोबर असूनही कोपरातून किंवा पोटातून जरासं अंग डोकावत असेल तर शरीराबरोबर आलेल्या हडवर, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या बटणांच्या पाटीवर, त्या भागावर क्लिक करून तो भाग अदृश्य करा. हो, पोट चक्क बंद करता येतं.

रात्री नऊला ऑफिसचं काम संपवून जातो तर सगळीकडे शुकशुकाट. हे जग मेलंय का?
– आयटीवाला, पुणे

मेलं नाहीये, ऑफिसला गेलंय. तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालतं. तुमच्याकडे रात्रीचे नऊ तेव्हा तिथे उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ, हिवाळ्यात साडेसात, अमेरिकन माणूस चहा पीत असतो. आपण उन्हाळ्यात साडेबारा तास पुढे आणि हिवाळ्यात साडेतेरा, त्यांचं घड्याळ मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणजे एखाद्या लाइव्ह गाण्याच्या कार्यक्रमाला शनिवारी संध्याकाळी सात असं लिहिलं असेल तर तो आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसात किंवा साडेआठला आहे. पोहे खाता खाता ऐका. रात्रीच जायचं असेल तर युरोपातल्या लोकांच्या जागा शोधा, आपले रात्रीचे अकरा म्हणजे त्यांची संध्याकाळ. आणि नुसतं भटकायच्या आधी मॅप उघडून हिरवे ठिपके बघा, एक ठिपका म्हणजे एक माणूस.

लिंडन डॉलर विकत घ्यायला गेलो तर माझं कार्ड घेतच नाही. बँकेत पैसे आहेत.
– वाचक, ठाणे

बँकेचं ॲप उघडून कार्ड सेटिंगमध्ये इंटरनॅशनल आणि ऑनलाइन ही बटणं चालू आहेत का बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डांवर ती मुळात बंदच असतात, ग्राहकाने स्वतः चालू करायची. लिमिट कमी ठेवा, काम झालं की परत बंद करा. एका डॉलरला अडीचशेच्या आसपास लिंडन डॉलर मिळतात, त्यामुळे पहिल्यांदा चार-पाच डॉलरच्या वर घेऊ नका, तेवढ्यात केस आणि दोन ड्रेस आरामात होतात.

एकाने गिफ्ट म्हणून पैशाची पेटी दिली. ठेवली तर विचारते की तुमच्या खात्यातून लिंडन घ्यायची परवानगी द्या. तो म्हणतो यस कर, मग पेटी रोज पैसे देईल. करू का?
– वाचक, नागपूर

नाही. नाही. आणि नाही.

जी पेटी तुम्हाला पैसे देणार तिला तुमच्या खात्यातून पैसे काढायची परवानगी कशाला हवी? ही परवानगी खरोखर असते, तुमच्या स्वतःच्या मालकीच्या वस्तूला तुमच्या वतीने पैसे देता यावेत म्हणून, म्हणजे दुकानदाराचं रिफंड देणारं मशीन किंवा गायकाबरोबर टिप वाटून घेणारी बरणी. म्हणूनच भामटा ती पेटी आधी तुम्हाला भेट देतो, एकदा ती तुमची झाली की तिला तुमच्याकडे परवानगी मागता येते. यस केलं की खातं रिकामं होईपर्यंत ती थांबत नाही, आणि गेलेले लिंडन परत मिळणं फार अवघड. पेटी डिलीट करा, त्या माणसाला ब्लॉक करा, हेल्प मेनूतून अब्यूज रिपोर्ट टाका. आधीच यस केलं असेल तर पेटी लगेच डिलीट करा, ती गेली की तिची परवानगी पण गेली.

बाकी डान्सचा गोळा किंवा सोफा तुम्हाला ॲनिमेट करू का विचारतो, ते बिनधास्त यस करा, त्याचा पैशाशी संबंध नाही. म्हणजे परवानगीची चौकट आली की नुसतं यस यस करत सुटायचं नाही, पैसे किंवा लिंडन डॉलर घेण्याचं काही लिहिलंय का तेवढं वाचायचं. चॅटमध्ये कुणी मार्केटप्लेसची (सेकंड लाइफच्या खरेदीच्या वेबसाइटची) लिंक देऊन तिथे पासवर्ड टाकायला सांगितलं तर तेही नको, ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करा. आणि अकाउंटवर टू स्टेप लॉगिन आजच चालू करा.

तिथे राहून लोक श्रीमंत झालेत असं वाचलं. नोकरी सोडू का?
– वाचक, छत्रपती संभाजीनगर

झालेत, हे खरं. अॅन्शी चंग नावाचा अवतार २००६ मध्ये बिझनेसवीक मासिकाच्या मुखपृष्ठावर आला होता, त्या बाईंनी जमीन घेऊन, सजवून भाड्याने देण्यावर मोठी कमाई केली. पण ते वीस वर्षांपूर्वीचं, आता ती गल्ली भरलेली आहे. आज कमावतात ते मुख्यतः ब्लेंडर नावाचं थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकून कपडे-घरं बनवणारे, वर्षानुवर्षं मेहनत केलेले, आणि त्यांच्यातही बरेच जण जमिनीचं भाडं निघालं की खूश. नोकरी ठेवा, ब्लेंडर शिका, ते बाहेरही कामाला येतं.

सगळ्यांचं आडनाव रेसिडेंटच का?
– वाचक, पणजी

२०१० च्या अखेरीपासून नवीन येणाऱ्या सगळ्यांना तेच मिळतं. त्याआधी कंपनीच्या यादीतून आडनाव निवडायचं असायचं, म्हणून जुने लोक आपलं आडनाव मिरवतात, आपल्याकडे वाड्याचं नाव सांगतात तसं. २०२० पासून प्रीमियमवाल्यांना (वर्गणी भरणाऱ्या सभासदांना) वेगळे पैसे भरून आडनाव बदलता येतं. तुम्हाला फुकटात करायचं असेल तर डिस्प्ले नेम बदला, आठवड्यातून एकदा चालतं.

कुणीतरी मला ढकलून आकाशात उडवतो. आणि मदत मागायची तर माझं इंग्रजी तोडकंमोडकं.
– वाचक, लातूर

उडवणाऱ्याशी वाद घालू नका, त्याला तेच हवं असतं. जवळच्या बाकावर बसा, बसलेल्या माणसाला सहसा ढकलता येत नाही. नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एच दाबून थेट आपल्या होम जागी जा. मग ब्लॉक आणि रिपोर्ट.

इंग्रजीचं टेन्शन सोडा, समोरचा ब्राझीलचा, जपानचा किंवा इटलीचा असण्याची शक्यता भरपूर आहे आणि तोही भाषांतर करूनच बोलतोय. कॅलेडॉन ऑक्सब्रिज नावाची एक जागा आहे, जुन्या इंग्लिश विद्यापीठासारखी सजवलेली, तिथे चालण्यापासून खोका उघडण्यापर्यंत पाट्या लावून शिकवतात आणि मदतीला स्वयंसेवक पण असतात. फायरस्टॉर्म व्ह्यूअर (व्ह्यूअर म्हणजे ज्यातून सेकंड लाइफ उघडतं तो प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्यांचा सपोर्ट ग्रुप जॉइन करा. फक्त चालत नाही एवढंच लिहू नका. कुठला व्ह्यूअर, कुठल्या जागी होतात, काय दाबलं, काय मेसेज आला हे लिहा, आणि हेल्प मेनूत अबाउटमध्ये तुमच्या मशीनची सगळी माहिती एका बटणाने कॉपी होते, ती तशीच्या तशी पेस्ट करा.