देवळाच्या ओट्यावरून काम सुरू करताना

भाऊ, जळगावातल्या वस्तीत भजनी मंडळाच्या आधाराने काम करायचं म्हणतोस, तर आधी काही आठवडे नुसता हरिपाठाला जाऊन बस. भाषण नको, फॉर्म नको. बायका आपसात अहिराणीत बोलतात ते ऐक. नळाला पाणी कधी येतं, रेशनकार्डात कोणाचं नाव नाही, कोणत्या पोरीची शाळा सुटली, सगळं तिथेच कळतं.

पैशाचं मात्र पहिल्या दिवसापासून कडक ठेव. दानपेटी वेगळी, बचत गट वेगळा. देवळाचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर त्याला 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू असतो. दानपेटीतून गटाला उसने दिलेस की भांडण ठरलेलंच. गटाचं खातं बँकेत, सह्या बायकांच्याच. नवरे मधे पडतील, पडू देत.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसते. तेव्हा बैठक ठेवू नकोस. रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, भाऊबंदकीपुरतेच असतात. बोलावलं नाही म्हणून रुसायचं नाही.

गल्लीपलीकडे दर्गा किंवा बुद्धविहार असेल, तर तिथल्या जाणत्यांनाही सुरुवातीलाच भेट. गटाराचं पाणी सगळ्यांच्याच घरात शिरतं. अभ्यासिका देवळात भरवलीस तर काही पोरं पायरीशीच थांबतील. त्यापेक्षा संध्याकाळपुरती अंगणवाडीची खोली माग. खासगी शाळांतल्या शिक्षणहक्काच्या 25 टक्के राखीव जागांचे ऑनलाइन अर्जही तिथेच भरून दे; उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायला लाव, बहुतेकांचं तिथेच अडतं.