पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला होते. त्यांच्या लष्करी नोकरीची माहिती कशी मिळवावी?

आपल्या प्रश्नात आपण असे लिहिले आहे की, रत्नागिरी जिल्ह्यातून भरती झालेले आपले पणजोबा बसऱ्याला लढले आणि सुखरूप परतले. घरी त्यांचे चांदीचे एक पदक आहे, पलटणीविषयी ‘पाचवी मराठा’ एवढेच ऐकिवात आहे आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर त्यांचे नाव मिळत नाही. ते तेथे मिळणारही नाही, कारण ती यादी केवळ मृतांची आहे. परतलेल्यांची अशी एकत्र यादी मराठा पलटणींच्या बाबतीत मला आजवर आढळलेली नाही. पंजाबातील गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या, म्हणून तिकडच्या कुटुंबांचे काम सोपे झाले आहे.

माझे मत असे की, शोधाची सुरुवात नावापासून करूच नये. त्या काळच्या कागदांत शिपायाचे आडनाव पुष्कळदा गाळलेले असते, आणि सखाराम किंवा धोंडू या नावाचे कित्येक जण एकाच पलटणीत सापडतात. त्यातही इंग्रज कारकुनाने तेच नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेले असते. शिपायाचा नंबर आणि पलटण ही जोडीच खात्रीची असते, आणि ती बहुधा आपल्या घरातच आहे. पदकाची कड भिंगातून पाहावी. तेथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण अशा क्रमाने बारीक इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. ती झिजलेली असतील तर पदक चिंचेने किंवा कोणत्याही पावडरीने घासू नये. पातळ कागद कडेवर ठेवून मऊ पेन्सिल हलकेच फिरवली की बरीचशी अक्षरे उठतात. पदकाच्या एका बाजूस पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूस घोडेस्वार असेल, तर ते ब्रिटिश वॉर मेडल होय. लढाऊ शिपायांना ते चांदीचे मिळाले, तर मजूर तुकड्यांतील व इतर बिनलढाऊ माणसांपैकी अनेकांना काशाचे. त्यामुळे आपले पणजोबा शिपाईच असावेत, असे म्हणता येते. त्याच्या जोडीने पंख असलेल्या देवतेचे विजयपदक मिळत असे, आणि १९१५ संपण्यापूर्वी जो युद्धभूमीवर पोहोचला त्याला एक ताराही मिळे. ही पदके वाटणीत भाऊबंदांकडे गेलेली असू शकतात. चौकशी अवश्य करावी.

‘पाचवी मराठा’ या नावाने मात्र घोटाळा होतो. युद्धाच्या वेळी मराठा पलटणींचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे होते. १९२२ च्या फेररचनेत त्या सर्वांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी दहावी म्हणजे प्रशिक्षणाची. म्हणजे पणजोबा १९२२ नंतरही नोकरीत असतील, तर त्यांच्या तोंडी ‘पाचवी’ येणे स्वाभाविक होते, परंतु त्यावरून युद्धातील पलटण ठरत नाही. शिवाय १०५ वीला ‘काळी पाचवी’ असे जुने नाव होते. घरातील वडीलधाऱ्यांना ‘काळी’ हा शब्द आठवतो का, हे विचारून पाहावे.

पलटण कळणे इतके महत्त्वाचे का, तर तीवरून सगळी हकीकतच बदलते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकात गेल्या आणि तेथे कुत-अल-अमारा या गावी तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला, तोवर शिधा इतका तुटला होता की घोडे कापून खाण्याची वेळ आली. नंतर कैद्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले आणि हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. पदकाच्या कडेवर यांपैकी एखाद्या पलटणीचा क्रमांक निघाला आणि ताराही सापडला, तर आपल्या पणजोबांनी ही कैद भोगली असण्याचा संभव आहे. संभवच म्हणतो, कारण जखमी वा आजारी होऊन वेढ्यापूर्वीच परत पाठवलेले शिपाईही होते.

त्यानंतर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्धरोजनिशा पाहाव्यात. डब्ल्यूओ ९५ या मालिकेतील मेसोपोटेमियाच्या अनेक रोजनिशा संगणकावर वाचता येतात. त्यांत गोरे अधिकारी नावानिशी येतात आणि शिपाई बहुधा केवळ आकड्यांनी येतात, तरी पलटण कोणत्या दिवशी कोठे होती हे तेथे कळते.

सामान्य शिपायांचे व्यक्तिगत कागद विलायतेस गेले नाहीत. ते येथील पलटणींच्या दप्तरात राहिले. म्हणून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयास पत्र लिहावे. त्यात नंबर, पलटण, गाव, तालुका आणि आपले नाते लिहून वंशावळ व पदकाच्या कडेचे छायाचित्र जोडावे. गावाचा पत्ता त्या काळाप्रमाणेही द्यावा, कारण आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता आणि सावंतवाडी हे तर वेगळे संस्थान होते. वंशावळीसाठी तहसील कार्यालयातील गाव नमुना १४, म्हणजे गावाची जन्ममृत्यूची नोंद, उपयोगी पडतो. तो मोडीत असल्यास मोडी वाचणाऱ्याची मदत घ्यावी लागेल.