नोकऱ्यांचा आकडा आणि मुलीची निवड

सप्रेम नमस्कार,

आपल्या मुलीला बारावीनंतर अर्थशास्त्र घ्यायचे आहे, आणि नोकऱ्या मोजक्याच असून त्याही यंत्रे खाणार आहेत असे सांगून आपण तिला संगणकशास्त्राकडे वळवू पाहता. शिवाय बेरोजगारीच्या बातम्यांची कात्रणे रोज तिच्या टेबलावर ठेवता. तिच्या गुणांची मला काळजी वाटली नाही, या कात्रणांची वाटली. साऱ्या देशाच्या रोजगाराचा धाक एका विद्यार्थिनीला घालणे याला मी मार्गदर्शन म्हणणार नाही. आपल्या चार पानी पत्रात तिला अर्थशास्त्र का हवे आहे, याविषयी एक ओळही नाही.

देशात नोकऱ्यांची संख्या ठरलेली असते आणि एकाने घेतली की दुसऱ्याची जाते, हा आपला समज मुळातच चुकीचा आहे. अल्पकाळात एकूण रोजगार वर-खाली होतो तो प्रामुख्याने कुटुंबे, उद्योग, सरकार आणि परदेशी ग्राहक मिळून किती खर्च करतात यावर. मागणी आटली की पगार सहसा उतरत नाहीत, माणसे कमी केली जातात. मग ती माणसे हात आखडतात आणि मागणी आणखी घटते. अमेरिकेत १९३३ साली साधारण चारांपैकी एक कामगार बेकार होता, आणि यंत्रांना दोष देणारे तेव्हाही होते. महागाई रोखण्यासाठी तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढवले, तेव्हा कर्जे महागून खर्च आटला आणि १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली. यंत्रांनी काही कामे संपवली हे खरे. ज्यांची गेली त्या सर्वांना नवी मिळाली असेही नाही. परंतु अमेरिकेत एकूण कामगारांत शेतीतील माणसांचा वाटा विसाव्या शतकभरात चाळीस टक्क्यांच्या आसपासून दोनांच्या आसपास आला, तरी त्याच देशात एकूण रोजगार कित्येक पटींनी वाढला.

मंदीत पदवी घेणाऱ्यांचे पगार पुढे काही वर्षे मागे राहतात, ही आपली भीती रास्त आहे. मात्र मंदी केव्हा येईल हे आज कोणालाच सांगता येत नाही, आणि आली तर ती शाखा विचारून येत नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील बेरोजगारी १४ टक्क्यांपलीकडे गेली होती. २०२१ संपताना ती ४ टक्क्यांच्या खाली होती. मग आजच्या कात्रणावरून चार वर्षांनंतरचा बाजार कसा ओळखणार?

प्रवेशाविषयी इतकेच, की दोन्ही वाटांवर गणित लागते; ते पक्के करून घ्यावे. पुढचे पत्र मात्र तिला लिहू द्यावे, आणि आपण ते न वाचता पाठवावे.