काढा, वाफ आणि बोटाला लावायचं मशीन: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी विचारलं होतं की कोविडच्या दिवसांत घरी काय काय केलंत, काय उपयोगी पडलं, काय नाही, मोकळेपणाने लिहून पाठवा आणि काही विचारायचं राहून गेलं असेल तर तेही विचारा. मला वाटलं होतं इतक्या वर्षांनी कोण लिहिणार, पण पत्रं येतच राहिली, काही तर आठ आठ पानांची. सगळी छापणं शक्य नाही म्हणून काही निवडली आहेत, नावं काढून.

एक आधी सांगते. मी इंदूरात बरीच वर्षं फॅमिली डॉक्टर आहे, आणि सप्टेंबर २०२० मध्ये मलाही कोविड झाला होता. मी वरच्या खोलीत एकटी, आणि सासूबाई रोज दुपारी चारला दाराबाहेर स्टुलावर काढ्याचा पेला ठेवून खाली जायच्या. काढ्याने व्हायरस मरत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी मी तो रोज प्यायले, कारण स्टूल सरकल्याचा आवाज आला की कोणीतरी आपलं आहे असं वाटायचं. त्यामुळे घरगुती उपायांना नावं ठेवायला मी बसलेली नाहीये. पण कुठे काय चुकलं ते सांगितलंच पाहिजे.

प्रश्न: २०२० मध्ये आमच्याकडे काढा सुरू झाला तो आजतागायत बंद झाला नाही. दिवसातून चार वेळा, मिरे, सुंठ, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध सगळं घालून. आता मला सारखं तोंड येतं, छातीत जळजळतं, आणि गोळी चालू असून बीपी वाढलंय. मिस्टर म्हणतात काढ्यामुळेच आपल्याला काही झालं नाही, सोडू नकोस. (एक काकू, सुदामा नगर)

काकू, चार वेळा कोणीच सांगितलेलं नव्हतं हो. आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० ला जे पत्रक काढलं त्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा, एवढंच होतं. नंतर जे प्रमाण दिलं त्यात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरी फक्त १, म्हणजे मिरी सगळ्यात कमी. आपण काय केलं तर जितकं तिखट तितकं चांगलं असं धरून मूठमूठ मिरी उकळली आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यात प्यायलो. त्या वर्षी माझ्याकडे खोकल्याइतकेच पेशंट तोंड आलेले, ॲसिडिटीचे आणि मूळव्याधीतून रक्त जाणारे यायचे.

तुमच्या बीपीचं मला जास्त वाटतं. ज्येष्ठमध रोज, महिनोन्‌महिने घेतलं तर ते शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि बीपी वाढवतं. घसा बसला म्हणून दोन दिवस कांडी चघळणं वेगळं. तुम्ही ज्येष्ठमध आजच बंद करा, काढा पूर्णच थांबवला तरी काही बिघडणार नाही, गोळी मात्र अजिबात बंद करू नका. दोन-तीन आठवड्यांनी बीपी परत मोजून घ्या आणि एकदा रक्तातलं पोटॅशियम बघायला सांगा. मिस्टरांना सांगा की तुम्ही सगळ्यांनी लस घेतली, मास्क लावला, घरात बसलात, त्याचंही थोडं श्रेय आहे.

प्रश्न: माझा नातू तीन वर्षांचा आहे. जरा शिंकला की सून पातेल्यात पाणी उकळून, कापूर टाकून, टॉवेलखाली वाफ देते. कोविडपासूनची सवय. मला भीती वाटते पण बोलले की घरात वाद होतो. (एक आजी, लोकमान्य नगर)

आजी, तुमची भीती खरी आहे, हे उत्तर सूनबाईंना वाचायला द्या. वाफेने व्हायरस मरत नाही. तो पेशींच्या आत शिरलेला असतो, आणि त्याला मारण्याइतकी गरम वाफ घेतली तर आधी आपलं नाक-घसा भाजेल. मोठ्या माणसाला चोंदलेलं नाक मोकळं वाटतं, बस तेवढंच. लहान मूल टॉवेलखाली हात हलवतं, पातेलं कलंडतं, आणि उकळतं पाणी थेट मांडीवर. असं भाजलेलं पोर माझ्याकडे आणलं होतं, घरी कोणाला साधी सर्दीसुद्धा नव्हती, नुसती खबरदारी म्हणून वाफ.

कापूर तर लहान मुलांपासून लांबच ठेवा. थोडासा जरी पोटात गेला तरी मुलांना झटके येऊ शकतात. ती कापूर-ओवा-लवंगेची पोटली आठवतेय ना, सगळे गळ्यात घालून फिरायचे, ऑक्सिजन वाढतो म्हणून? काही वाढत नव्हता. नातवाचं नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे नाकातले ड्रॉप्स मिळतात ते घाला. खोकल्याला झोपताना अर्धा चमचा मध द्या, मधाने खोकला कमी होतो हे खरंच आहे, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही.

प्रश्न: एप्रिल २०२१ ची गोष्ट आहे. बाबा ६८ वर्षांचे. ताप आला, आईने लगेच सगळं सुरू केलं, काढा, हळदीचं दूध, वाफ, नाकात तिळाचं तेल. पाचव्या दिवशी ताप उतरला. बाबांनी पोहे खाल्ले, पेपर वाचला, फोनवर काकांशी बोलले, आम्ही म्हटलं सुटलो. ऑक्सिमीटर आमच्याकडे नव्हता, मेडिकलवाल्यांकडे तेव्हा मिळतच नव्हता. सातव्या दिवशी शेजारच्यांचा आणून लावला तर ऑक्सिजन ८१. आधी वाटलं मशीन बिघडलंय. मग रात्रभर बेड शोधत फिरलो, एका खासगी हॉस्पिटलने गेटवरूनच परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे मिळाला, आणि चार दिवसांनी बाबा गेले. आई अजून म्हणते, मी काढेच करत बसले आणि माणूस घालवला. तिला काय सांगू? (एक मुलगा, राजेंद्र नगर)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आईंना पहिली गोष्ट ही सांगा की काढ्याने, दुधाने, तेलाने बाबांचं काहीही वाईट झालेलं नाही.

या आजारात ताप उतरणं म्हणजे बरं होणं नव्हतं, आणि हे नुसतं माणसाकडे बघून घरी कळायला काही मार्गच नव्हता. पहिले चार-पाच दिवस व्हायरसचे, आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात काहींच्या फुफ्फुसांना सूज यायला लागायची. तेव्हा ताप असेलच असं नाही. आपल्याला दम लागतोय हे मेंदूला मुख्यतः कळतं ते रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की. कोविडमध्ये सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत राहायचा आणि ऑक्सिजन मात्र आतल्या आत खाली जायचा, त्यामुळे ८५ असलेला माणूसही आरामात बसून पेपर वाचायचा. बाबांनी पोहे खाल्ले, गप्पा मारल्या, ते बघून आईंना बरं वाटलं, मी तिथे असते तर मलाही वाटलं असतं. खरं सांगते, २०२० मध्ये मी फोनवर पेशंटना पहिलं विचारायचे, ताप उतरला का, आणि हो म्हटलं की निश्चिंत व्हायचे. एका घरात तशी निश्चिंत झाले आणि दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. त्यानंतर पहिला प्रश्न बदलला, बोटाला मशीन लावलं का, आकडा किती. पण हे मला डॉक्टर असून त्या फोननंतर कळलं, तर तुमच्या आईंना कसं कळणार होतं?

म्हणून इतर वाचकांसाठी लिहून ठेवते. बसल्या जागी आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा घरातल्या घरात सहा मिनिटं चालून ९४ च्या खाली घसरला, तर तो घरी थांबायचा पेशंट नाही. (दमा असलेल्यांनी आणि फार थकलेल्यांनी ती चालायची टेस्ट करायची नाही.) आणि बेड मिळेपर्यंत पालथं झोपायचं. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनेच हे सांगितलं होतं, एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीपर्यंत, दोन नडग्यांखाली, अर्धा ते दोन तास पालथं, मग कुशीवर, मग टेकून बसायचं, परत पालथं. जेवल्यावर तासभर नाही, गरोदर बायकांनी नाही, हृदयाचा मोठा आजार असेल तर नाही. माझा आतेभाऊ चौदा तास बेडच्या वेटिंगमध्ये होता, उताणा ८९, पालथा झाला की ९२. ते चौदा तास त्याने असेच काढले. मला विचाराल तर कोविडमधला सगळ्यात कामाचा घरगुती उपाय हाच होता, चार-पाच उशा, आणि काढ्याइतका तो आपल्या घराघरात पोचलाच नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

काढ्यांबद्दल माझी तक्रार एवढीच आहे दादा. दर दोन तासांनी काहीतरी उकळायचं, गाळायचं, द्यायचं, त्यात आपला दिवस भरून जायचा आणि आपण खूप काही करतोय असं वाटायचं, आणि त्या गडबडीत दिवस कितवा, आकडा किती, हे बघायचं राहून जायचं. हे सगळ्या शहरात झालं, एकट्या आईंकडून नाही. त्या महिन्यात दवा बाजारात इंजेक्शनसाठी रांगा होत्या, सिलिंडर मिळत नव्हते, सातव्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशी आकडा दिसला असता तरी बेड मिळाला असता का, मिळून बाबा वाचले असते का, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. आईंना एखाद्या शनिवारी दुपारी माझ्याकडे घेऊन या, पत्ता मासिकाच्या ऑफिसातून मिळेल. फी वगैरे काही नाही. समोर बसून सांगेन, कागदावर फुफ्फुसाचं चित्र काढून सांगेन. कधीकधी मुलाने सांगितलेलं आईला पटत नाही, परक्याने सांगितलेलं पटतं.

प्रश्न: दुसऱ्या लाटेतला व्हॉट्सॲपवरचा एक पर्चा मी अजून जपून ठेवलाय, त्यात सगळ्या गोळ्या लिहिल्या आहेत. पुन्हा वेळ आली तर चालेल का? (तिलक नगर)

फाडून टाका. त्या पर्च्यांत बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड असायचं आणि तेच सगळ्यात वाईट होतं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमधले एक पंचमांशाने कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही. आपल्याकडे लोकांनी ते तापाच्या गोळीसारखं खाल्लं, शुगर भडकली, आणि मे २०२१ मध्ये इथल्या सरकारी एमवाय हॉस्पिटलमध्ये काळ्या बुरशीच्या पेशंटसाठी वॉर्ड उघडावे लागले. कोणाचा डोळा गेला, कोणाचा वरचा जबडा. आणि अशा पर्च्यांत असायची ती आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही औषधं सप्टेंबर २०२१ मध्ये कोविडच्या उपचारांच्या सरकारी यादीतून काढून टाकली, म्हणजे तो पर्चा तसाही शिळा झालाय.

प्रश्न: माझा वास परत आला पण अर्धवट. पोह्यांवर जीरावन मसाला टाकला की काहीच कळत नाही, आणि कांदा परतताना जळकट, घाण वास येतो. (एक ताई, स्नेहलता गंज)

ताई, जळकट येतोय म्हणजे वासाच्या नसा पुन्हा जुळतायत पण अजून घोळ आहे, हे पुष्कळांना झालं. घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिचा उपयोग होतो. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, चार बाटल्या. प्रत्येकीचा वास वीसेक सेकंद, घाई न करता, मनात तो वास आठवत, सकाळ-संध्याकाळ, निदान तीन महिने. निलगिरीचं तेल कापसावर घ्या, नाकात घालू नका. गॅस चालू राहिला तर तुम्हाला कळणार नाही, म्हणून रात्री रेग्युलेटर बंद करून झोपा, हे फार महत्त्वाचं आहे.

प्रश्न: गुळवेलीचा रस रोज अनशापोटी घेतो, चार वर्षं झाली. चालू ठेवू? (एक आजोबा)

नको. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना लिव्हरचा त्रास झाल्याचं लिहिलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तो वाद आहे. पण चार वर्षं रोज कुठलंच औषध कारणाशिवाय घ्यायचं नसतं. एकदा लिव्हरची तपासणी करून घ्या, लघवी पिवळीजर्द झाली किंवा भूक मेली तर लगेच दाखवा.

प्रश्न: ऑक्सिमीटर कपाटात पडून आहे, देऊन टाकू का? (रामबाग)

राहू द्या. दमा, न्यूमोनिया, म्हातारं माणूस, कधीही लागतं. फक्त आतले सेल काढून वेगळे ठेवा, नाहीतर गळून मशीन खराब होतं. आकडा बघताना नेलपॉलिश काढा, हात थंड असेल तर आधी चोळून गरम करा, मशीन लावल्यावर निदान मिनिटभर बोट हलवू नका, आणि आकडा कमी दिसला तर दुसऱ्या बोटाला लावून बघा. तरी कमीच असेल तर मशीन बिघडलंय असं समजायचं नाही, लगेच डॉक्टरला फोन करायचा.