"सूत्र पाठ आहे, पण कळत काहीच नाही"

एरोस्पेस इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी परीक्षेला महिना उरला असताना आली. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, माझी शाखाच चुकली." मागच्या सत्रात 'हवा दबत नाही' असं धरून पातळ एअरफॉइलची, म्हणजे पंखाच्या छेदाच्या आकाराची, थिअरी शिकवली. या सत्रात त्याच एअरफॉइलवर हवा दबते म्हणतात. शिवाय मॅक १ ला, म्हणजे आवाजाच्या वेगाला, या दबण्याच्या दुरुस्तीच्या सूत्राचं उत्तर अनंत येतं. "मग आधीचं खोटं होतं का? वर्गात सगळे माना डोलावतात, मलाच कळत नाही."

ही तक्रार दरवर्षी येते, आणि घेऊन येणारी मुलं बहुतेक वेळा प्रामाणिक अभ्यास करणारी असतात. न कळता पुढे जायला त्यांचं मन तयार नसतं. अशा वेळी धीराचे चार शब्द फारसे कामाचे नाहीत. आधी वही उघडायला लावावी.

वहीतलं पहिलंच गणित: सममित पातळ एअरफॉइल, प्रवाहाशी कोन ४ अंश, मॅक ०.६, लिफ्टचा (विमान उचलून धरणाऱ्या बलाचा) गुणांक काढा. तिचं उत्तर ३१.४. थिअरी सांगते की गुणांक म्हणजे २ गुणिले पाय गुणिले कोन, पण कोन रेडियनमध्ये. तिने ४ तसाच घातला होता. ४ अंश म्हणजे ०.०६९८ रेडियन, त्यामुळे हवा दबत नाही असं धरून ०.४४ येतात. मग दबण्याची दुरुस्ती: मॅक ०.६ ला १ वजा मॅकचा वर्ग ०.६४, त्याचं वर्गमूळ ०.८, ०.४४ ला त्याने भागलं की ०.५५. साध्या एअरफॉइलची कमाल मजल दीडच्या आसपास संपते, तेव्हा ३१ पाहूनच पेन थांबायला हवं होतं. 'दर अंशाला साधारण ०.११' एवढं डोक्यात असलं, तरी ही चूक जागीच सापडते.

पण तिची खरी अडचण आकडेमोडीत नव्हती. 'आधीचं खोटं होतं का' हा प्रश्न बरोबर होता, उत्तर कुणी दिलं नव्हतं. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर. मॅक ०.३ म्हणजे १०२ मीटर, ताशी सुमारे ३६७ किलोमीटर. या वेगाची हवा पूर्ण थांबवली तरी घनता साडेचार टक्क्यांच्या आसपासच बदलते. लहान शिकाऊ विमानाच्या हिशेबात तेवढं सोडून देणं रास्त आहे. मॅक ०.८ ला हाच बदल ३५ टक्क्यांवर जातो, तिथे सोडून चालत नाही.

मग तिने विचारलं, "पण लिफ्ट का वाढते? हवा दबली तर उलट मऊ व्हायला हवी ना?" इथे आम्ही बराच वेळ थांबलो, कारण सगळी मेख इथेच आहे.

एअरफॉइलच्या वरून जाणारी हवेची एक नळी डोळ्यांसमोर आणा. ती १ टक्का आकसली. हवा दबत नसेल तर वेग १ टक्का वाढतो. मॅक ०.८ ला मात्र वेग वाढला की हवा विरळ होते. तेवढंच वस्तुमान अरुंद नळीतून न्यायचं तर वेग २.७८ टक्के वाढायला लागतो. १ भागिले ०.३६. ती लगेच म्हणाली, "पण सूत्रात तर वर्गमूळाने भागतात, १ भागिले ०.६, म्हणजे १.६७!" बरोबर. कारण अशा वेगाला एअरफॉइलने केलेली खळबळ वर-खाली १.६७ पट दूर पसरते. तीच वळणं जास्त थरांत वाटली जातात, आणि प्रत्येक नळीच्या वाट्याला आकसणं ०.६ पटच येतं. २.७८ गुणिले ०.६, म्हणजे १.६७. तिने हे स्वतःच्या हाताने मॅक ०.६ साठी पुन्हा केलं: १.५६ गुणिले ०.८, म्हणजे १.२५. वर्गमूळ कुठून आलं ते पहिल्यांदाच दिसलं, असं म्हणाली.

अनंताची भीती त्यानंतर लवकर सुटली. सूत्र काढताना काही पदं लहान म्हणून गाळलेली असतात. मॅक १ जवळ १ वजा मॅकचा वर्ग हाच इतका लहान होतो की गाळलेली पदं त्याच्या बरोबरीला येतात. दोष गाळण्याचा आहे, हवेचा नाही. १४ ऑक्टोबर १९४७ ला बेल एक्स-१ हे विमान मॅक १.०६ ला गेलं आणि त्याच्या पंखांवर अनंत लिफ्ट आली नाही. मॅक १ च्या बऱ्याच वर लिफ्टच्या गुणांकाला ॲकरेटचं सूत्र लागतं: ४ गुणिले कोन, भागिले मॅकचा वर्ग वजा १ याचं वर्गमूळ. तिथे लिफ्टचा केंद्रबिंदू पाव जीवेवरून (जीवा म्हणजे एअरफॉइलची पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी) अर्ध्यावर सरकतो. कॉन्कॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानात इंधन मागच्या टाकीत पंपाने न्यायचे ते याचसाठी.

मग वर्गमूळाने भागायचं सूत्र कुठपर्यंत वापरायचं, हे हुडकायला तिला घरी एक गणित दिलं. नाका ००१२ या सममित एअरफॉइलवर शून्य कोनात, कमी वेगाला, दाबाचा किमान गुणांक (दाब आसपासच्या हवेपेक्षा किती उतरतो त्याचं माप) उणे ०.४३. मॅक वाढवत न्यायचा. एका रकान्यात हा गुणांक वर्गमूळाने भागून, शेजारी ज्या गुणांकाला स्थानिक वेग आवाजाइतका होतो तो. ०.७ ला उणे ०.६० आणि उणे ०.७८, अजून अंतर आहे. ०.७४ ला उणे ०.६४ आणि उणे ०.६३, म्हणजे नुकतंच ओलांडलं. उंबरठा ०.७३७ च्या आसपास. त्यापुढे पृष्ठावर आवाजापेक्षा वेगवान हवेचा पट्टा तयार होतो, थोड्याच अंतराने शॉक (दाब एकदम चढतो ती पातळ लाट) येतो, ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, झपाट्याने चढतो, आणि हे सूत्र बाजूला ठेवायचं.

पंखाच्या गणितात आणखी एक चूक हमखास होते, तिचीही झाली. मॅक ०.६ साठी गुणोत्तर ८ च्या (लांबी सरासरी रुंदीच्या ८ पट असलेल्या) पंखाचा लिफ्ट-उतार, म्हणजे कोनामागे गुणांकाची वाढ, आधी काढला: २ पाय भागिले १ अधिक ०.२५ (२ भागिले ८), ५.०३, आणि मग त्याला ०.८ ने भागलं: ६.२८. दुरुस्ती आधी एअरफॉइलच्या पातळीवर करायची, मग पंखाची. छेदात १ च्या जागी ०.८ ठेवून त्यात ०.२५ मिळवा, उत्तर ५.९८.

दहा दिवसांनी ती स्वतःचा प्रश्न घेऊन आली. एअरबस ए३२० मॅक ०.७८ ला उडतं, आणि आपला उंबरठा तर ०.७३७. कसं? एअरफॉइलचा आकार त्यासाठी वेगळा घडवतात, हे एक कारण सांगितलं. दुसऱ्यासाठी पंखाचा मागे झुकलेला कोन सांगितला, २५ अंश, आणि पंखाच्या कडेला काटकोनात येणारा वेगच काढायला लावला. तिने कॅल्क्युलेटर काढला: ०.७८ गुणिले ०.९०६, म्हणजे ०.७०७. "पण टोकाजवळ आणि धडाजवळ प्रवाह वळतो," ती आपणच म्हणाली, "तिथे हा फायदा पूर्ण मिळणार नाही."