इव्हनेसन्सचा अल्बम ख्रिश्चन दुकानांतून परत का मागवला गेला?

कारण 'ख्रिश्चन बँड' हा शिक्का इव्हनेसन्स या अमेरिकन रॉक बँडलाच नको होता. २००३ मध्ये त्यांचा 'फॉलन' हा अल्बम आला, तेव्हा अमेरिकेतल्या ख्रिश्चन पुस्तकं-गाणी विकणाऱ्या दुकानांतही तो चांगला खपत होता. मग एका मासिकाच्या मुलाखतीत बँडने तो शिक्का झटकला, तोही शिवराळ भाषेत. शेवटी त्यांच्या 'विंड-अप' या रेकॉर्ड कंपनीनेच दुकानांना पत्र पाठवून माल काढायला सांगितलं. माझ्या मते ही गोची कंपनीनेच ओढवून घेतली: दोन्ही बाजारांत विकायचं आणि कुणी काही विचारू नये अशी आशा करायची! स्ट्रायपर या ख्रिश्चन मेटल (कर्कश रॉक) बँडचं उलटं. ते भर कार्यक्रमात प्रेक्षकांत बायबल फेकायचे, तरी काही धर्मोपदेशक त्यांच्यावर तुटून पडायचे आणि मेटलचे चाहते खिल्ली उडवायचे. इव्हनेसन्सचं मात्र काही बिघडलं नाही. २००४ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले.